तिघे पितात, शोकांतिका एकाचीच: ‘एकच प्याला’वर शोधनिबंध लिहिताना

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

इकडे रत्नागिरीत पाऊस असा कोसळतोय की रेकॉर्डिंगमध्ये पत्र्याचा आवाज येणारच. तेवढा चालवून घ्या.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच: ‘ताई, शोधनिबंध लिहायचाय, नाटकावर. सुरुवात कुठून करू?’ कुणाला ‘नटसम्राट’ मिळालंय, कुणाला ‘हॅम्लेट’, कुणाला ‘ईडिपस’. एकाने तर सरळ विचारलंय, ‘कथानक लिहून शेवटी आपलं मत लिहिलं की झालं ना?’

नाही झालं. मला हे ठाऊक आहे, कारण एम.ए.ला असताना मी नेमकं तेच केलं होतं. माझा विषय होता राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. आज त्याच निबंधाची गोष्ट सांगते. पहिला खर्डा का फसला, दुसरा कसा उभा राहिला, आणि त्या नाटकाने मला माझ्याच घरातलं काय दाखवलं, हे सगळं त्यात येईल.

आधी नाटक थोडक्यात

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी. सुधाकर हा हुशार, तरुण वकील. स्वतःच्या बळावर वर आलेला, स्वभावाने मानी. सिंधू त्याची बायको, मोठ्या घरातली लेक. सुधाकरची कोर्टात मुन्सफाशी खडाजंगी होते आणि त्याची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. तो अपमान त्याला सोसवत नाही. अशा वेळी तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. तिथून उतरण सुरू होते. पैसा जातो, अब्रू जाते. सिंधू लोकांचं दळण दळून घर चालवते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकरच्या हातून स्वतःचं मूल जातं आणि सिंधूही जखमी होते. मरताना ती पोलिसांपुढे नवऱ्याचा दोष झाकते. मग सुधाकर शेवटचा प्याला घेतो, तो विषाचा.

नाटक रंगभूमीवर आलं २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्यात, गंधर्व नाटक मंडळीतर्फे. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, सुधाकर झाले गणपतराव बोडस. आणि गडकरी? ते प्रयोग बघायला नव्हते. २३ जानेवारी १९१९ ला, म्हणजे चारच आठवडे आधी, सावनेरला त्यांचं निधन झालं. वय वर्षं ३३.

पहिला खर्डा आणि समासातली ओळ

मी हे नाटक का निवडलं? वर्गात सांगितलं होतं, ‘संगीत नाटकाची परंपरा’ वगैरे. खरं कारण वेगळं होतं. माझा मामा दारूने गेला होता.

मामा आंब्याच्या बागा कराराने घ्यायचा. आवाज इतका गोड की गावच्या गणपतीत त्याचं नाट्यगीत झाल्याशिवाय आरती उरकायची नाही. मग तो प्यायला लागला, आणि मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना गेला. घरात सगळे एकच वाक्य म्हणायचे, ‘दारूने घात केला.’ मलाही तेच म्हणायचं होतं, फक्त चाळीस पानांत आणि संदर्भसूचीसकट.

म्हणून मी लिहिलं. पंधरा पानं कथानक, दहा पानं गडकऱ्यांचं चरित्र, पाच पानं दारूचे दुष्परिणाम. शेवटी निष्कर्ष: दारू वाईट आहे, हे गडकऱ्यांनी प्रभावीपणे मांडलं आहे.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी तो खर्डा परत दिला. आत एकाही ठिकाणी लाल रेघ नव्हती. फक्त शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘हे तुमचं मत की संहितेचं? आणि हे म्हणायला नाटक कशाला वाचायला हवं होतं?’

राग आला. मग पावसला जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसून परत वाचलं आणि कळलं की बाई बरोबर आहेत. दारू वाईट, हे कुठल्याही बसस्टॉपवरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. त्यासाठी पाच अंकांचं नाटक लागत नाही.

मंडळी, पहिली गोष्ट ही. विषय म्हणजे प्रश्न नव्हे. ‘एकच प्यालातील दारूची समस्या’ हा विषय झाला. प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर चुकू शकतं. उत्तर चुकण्याची शक्यताच नसेल तर शोध कसला?

यादी करा, मत नंतर

बाईंनी मला एक काम दिलं. म्हणाल्या, ‘आठ दिवस काहीही लिहू नका. नाटकात जिथे जिथे कुणी दारूला हात लावतं, ती जागा टिपा. कोण पितं, आणि प्यायच्या अगदी आधी काय घडतं, एवढंच.’

मी वाचनालयात जाऊन बसले. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय, १८२८ साली सुरू झालेलं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. तिथल्या टेबलावर वहीत तीन रकाने आखले: अंक-प्रवेश, कोण, त्याआधी काय. मोबाइलवर एक्सेलमध्येही करता येतं, पण मला वही बरी वाटली.

चौथ्या दिवशी वहीकडे बघताना एक गोष्ट दिसली, जी आधीच्या तीन वाचनांत दिसली नव्हती. नाटकात पिणारा सुधाकर एकटा नाही. गंभीरपणे ज्यांच्याकडे बघावं असे तिघे आहेत.

एक, तळीराम. सुधाकरचा कारकून. हा मजेसाठी पितो, इतरांना पाजतो, ‘आर्य मदिरा मंडळ’ नावाचा पिणाऱ्यांचा क्लब चालवतो. त्याच्या पिण्याआधी काही घडलेलंच नसतं. त्याला कारण लागत नाही.

दोन, भगीरथ. प्रेमात निराश झालेला तरुण. तोही त्याच मंडळात येऊन पडलेला. पण रामलाल भेटल्यावर त्याला जगण्यात काही करण्यासारखं दिसतं आणि तो दारू सोडतो. सोडतो म्हणजे खरंच सोडतो.

तीन, सुधाकर. त्याच्या रकान्यात काय आलं ते बघा. पहिला प्याला कधी? कोर्टातल्या अपमानानंतर. मधे तो एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो, काम मागायला बाहेर पडतो. पण आता तो ‘दारूबाज’ ठरलेला असतो. ओळखीची माणसंही त्याला तुसडेपणाने वाटेला लावतात. त्यानंतर तो परत पितो, आणि या वेळी कायमचा.

म्हणजे दोन्ही वेळा प्याल्याच्या आधी अपमान. माझ्या पहिल्या खर्ड्यात हा शब्द एकदाही आला नव्हता!

आता प्रश्न सापडला

तळीराम दारूने मरतो. सुधाकरही दारूपायी संपतो. मग आपण तळीरामाच्या मरणाला शोकांतिका का म्हणत नाही?

बघा, हा प्रश्न कसा आहे. गडकऱ्यांनी नाटकातच एक प्रयोग मांडून ठेवलाय, विज्ञानाच्या प्रयोगवहीत असतो तसा. दारू तिघांच्याही पोटात तीच. एक मरतो, आणि त्याच्या आजारपणाच्या प्रवेशात डॉक्टर आणि वैद्य यांची जुंपते तेव्हा प्रेक्षक हसत असतात. एक वाचतो. आणि एकासाठी प्रेक्षक रडतात. दारू तीच असेल तर हा फरक दारूतून आलेला नाही. तो दुसरीकडून आलाय.

माझं उत्तर असं होतं: दारूने सुधाकरचा मृत्यू समजतो, शोकांतिका समजत नाही. शोकांतिका त्याच्या मानी स्वभावातून येते. ज्या स्वाभिमानाने तो गरिबीतून वकील झाला, तोच स्वाभिमान त्याला अपमान पचवू देत नाही. त्याचा सगळ्यात चांगला गुण हीच त्याची पडायची जागा.

हे उत्तर बरोबरच आहे असं नाही. तुम्ही संहिता उघडून मला खोटं पाडू शकता. म्हणून तर ते लिहिण्यासारखं होतं.

ॲरिस्टॉटल कुठे आणायचा?

शोकांतिकेवरच्या निबंधात ॲरिस्टॉटल पहिल्याच पानावर येतो, बहुतेक वेळा उगाचच. ‘ॲरिस्टॉटलच्या मते शोकांतिका म्हणजे...’ अशी व्याख्या टाकायची आणि पुढे त्याचं नावही घ्यायचं नाही. लग्नात मुहूर्ताला बोलावलेल्या पुढाऱ्यासारखं. आला, हार घातला, गेला.

त्याला काम द्या. तो म्हणतो, शोकांतिकेचा नायक अगदी सज्जन नको आणि अगदी दुष्टही नको. आपल्यासारखाच, पण उंचीवर असलेला, आणि कुठल्यातरी चुकीमुळे खाली येणारा. या चुकीला त्याने ‘हॅमार्शिया’ म्हटलंय. आता हे माझ्या तिघांना लावून बघा. तळीराम उंचीवर कधी नव्हताच, म्हणून तो पडला तरी आपल्याला घसरण दिसत नाही. भगीरथ पडतो पण उठतो. सुधाकर मात्र त्या मापात बसतो. इथे ॲरिस्टॉटलने माझ्या प्रश्नाला हातभार लावला. नुसती शोभा म्हणून तो बसला नाही.

आणि हे सगळं मराठीत वाचता येतं, बरं का. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचं मराठी पुस्तक १९५७ साली केलंय. विंदा जन्माने धालवलीचे. आज ते गाव सिंधुदुर्गात येतं, पण १९८१ पर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. म्हणजे ग्रीक माणूस आपल्याकडे एका कोकणी माणसाचं बोट धरून आलाय.

आणखी एक शब्दांची जोडी लक्षात ठेवा, मराठी समीक्षेत ती फार उपयोगी पडते. ‘शोकांतिका’ म्हणजे जिचा अंत शोकात होतो ती. ‘शोकात्मिका’ म्हणजे जिच्या आत्म्यातच शोक आहे ती. शेवटी कुणी मेलं म्हणून नाटक शोकात्मिका होत नाही. तळीराम मरतो, पण त्या मरणात शोक नाही. माझ्या प्रश्नाला हा शब्द आधीच तयार होता, मला तो उशिरा भेटला.

नाटकाला शेजार द्या

बाईंचा पुढचा प्रश्न होता, ‘हे नाटक आभाळातून पडलं का?’

नाही. मराठीत शोकांत नाटकाची वाट आधीच पडलेली होती. वि. ज. कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालचं. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केलं १८८३ मध्ये. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंजारराव’ केलं १८९० मध्ये. म्हणजे स्वतःच्याच स्वभावाने कोसळणारा नायक गडकऱ्यांच्या प्रेक्षकांना अनोळखी नव्हता. नवीन काय होतं, तर तो नायक ना पेशवा, ना सेनापती. तो शेजारच्या आळीतला वकील होता.

दुसरा शेजार समाजाचा. दारूबंदीचा प्रश्न तेव्हा गाजत होता. १९०८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झालं होतं. टिळक आपल्या रत्नागिरीचे, म्हणून मी हा परिच्छेद जरा जास्तच उत्साहाने लिहिला होता आणि बाईंनी तो अर्धा कापला. म्हणाल्या, ‘टिळक तुमच्या गावचे आहेत हा पुरावा नव्हे.’ बरोबरच होतं. शेजार हवा, पण शेजाऱ्याने घरात येऊन बसायचं नाही.

गाणी कुणाची?

आता एक सापळा सांगते. मी त्यात पडले होते, तुम्ही पडू नका.

सिंधूची पदं मला फार आवडायची. मी लिहिलं, ‘गडकरी या पदातून सिंधूची व्यथा व्यक्त करतात.’ तीन पानं रसग्रहण केलं. छान जमलं होतं. आणि मग कळलं की ‘एकच प्याला’तली पदं गडकऱ्यांची नाहीतच. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली आहेत. माझी तीन पानं चुकीच्या माणसाच्या नावावर उभी होती!

पण ही चूक सुधारताना निबंध आणखी चांगला झाला. कारण मग प्रश्न आला: गद्य एका लेखकाचं, पदं दुसऱ्याची, आणि रंगमंचावर बालगंधर्वांचा आवाज. प्रेक्षक सिंधूसाठी रडत होते, तेव्हा नेमकं कशाने रडत होते? छापलेली संहिता आणि झालेला प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कशाबद्दल बोलतोय ते निबंधात पहिल्या दोन पानांत सांगून टाका. मी लिहिलं, ‘हा निबंध संहितेपुरता आहे.’ एका वाक्याने पुष्कळ भांडणं मिटली.

आणि हो, मोबाइलमधल्या एआयबद्दल. या भागाची तयारी करताना गंमत म्हणून त्याला या पदांबद्दल विचारलं. त्याने न अडखळता ती गडकऱ्यांची म्हणून सांगितली, वर एका समीक्षकाचं वाक्यही दिलं. ते वाक्य मी शोध शोध शोधलं. कुठेच नव्हतं. एआयला वाक्यरचना विचारा, निबंधाचा आराखडा कसा वाटतो ते विचारा. पण कोण, कधी, काय म्हणालं, यासाठी पुस्तकाचं पान स्वतः बघा. गडकऱ्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे संहिता नेटवर मोफत वाचता येते. निमित्त नको.

उद्धृत करताना पान नंबरासोबत अंक आणि प्रवेशही लिहा. आवृत्ती बदलली की पान बदलतं, अंक-प्रवेश बदलत नाही. वाचणाऱ्याला तुमची जागा सापडली पाहिजे, तरच तो तुम्हाला तपासू शकेल.

स्वतःच्या विरुद्ध वकिली करा

निबंधाचा सगळ्यात कठीण भाग हा. माझ्या उत्तराच्या विरुद्ध सगळ्यात मोठा साक्षीदार कोण होता माहितेय? खुद्द सुधाकर!

नाटकात त्याचं एक मोठं भाषण आहे. दारूबाजाच्या अवस्था तो एकेक करून सांगतो आणि म्हणणं असं, की एकदा पहिला प्याला घेतला की परतीची वाट नाही. शिवाय नाटकाचं नावच ‘एकच प्याला’. म्हणजे नायक आणि शीर्षक दोघंही सांगतायत की गुन्हेगार प्यालाच आहे, आणि मी म्हणतेय की स्वाभिमान.

मोह असा होतो की हे भाषण नजरेआड करावं. नाही करायचं. उलट त्याला निबंधाच्या मधोमध आणून बसवायचं. मी तसं केलं आणि मग विचारलं: सुधाकरचं म्हणणं नाटक खरं ठरवतं का? तर नाही. कारण भगीरथ परत आलाय. त्यानेही पहिला प्याला घेतला होता. म्हणजे हे भाषण दारूबद्दलचं सत्य कमी आणि सुधाकरच्या मनाची अवस्था जास्त सांगतं. परतीची वाट नाही असं त्याला वाटतं, कारण परत येताना लोकांची नजर सोसावी लागते, आणि तीच तर त्याला सोसत नाही.

पण एक आक्षेप मला परतवता आला नाही. सिंधूचं काय? आपण सुधाकरच्या मानाबद्दल पानंच्या पानं लिहितो, आणि दळण दळते ती सिंधू. मूल जातं तिचं. शेवटी खोटं बोलते तीही तीच, नवऱ्याला वाचवायला. मग शोकांतिका कुणाची? सिंधू इतकी सोशीक का रंगवली, हा प्रश्न आजच्या मुलीला पडणारच, मला पडला. मी निबंधाच्या शेवटी सरळ कबूल केलं की माझं उत्तर सुधाकरपुरतं आहे, सिंधूला ते पुरत नाही. बाईंनी तिथे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. पूर्ण निबंधात तेवढी एकच.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, कारण ऐकणारे सगळे वयाने लहान आहात. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करतंय. १९१९ चं नाटक वैद्यकाचं पुस्तक नाही. सुधाकर म्हणतो म्हणून परतीची वाट नसते, असं घरातल्या कुणाबद्दल समजू नका.

आणि मामा

आता जे निबंधात लिहिलं नाही ते.

निबंध झाल्यावर मी आजीला सांगत बसले होते. मामाची आई ती. सुधाकर, कोर्ट, अपमान, तळीराम, सगळं सांगितलं. ती वाल सोलत ऐकत होती. मग म्हणाली, ‘तो कधी प्यायला लागला ते गावात सगळे सांगतात. का, ते कोणी विचारलंन् नाही.’ थोडं थांबून म्हणाली, ‘मी पण नाही.’

तेव्हा मला एक संध्याकाळ आठवली. मी बारावीला होते. मामाने दारू सोडून तीन-चार महिने झाले होते. सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकाचा प्रयोग होता, आम्ही मैत्रिणी जाणार होतो. मामा धुतलेला शर्ट घालून घरी आला आणि मला म्हणाला, ‘बाय, मी येऊ गो तुझ्याबरोबर?’ मी म्हटलं, ‘मैत्रिणी आहेत बरोबर.’ एवढंच. तो ‘बरं’ म्हणाला आणि ओट्यावर बसून राहिला.

मैत्रिणी हे कारण नव्हतं. लोकांनी त्याला माझ्याबरोबर बघू नये असं मला वाटलं, हे कारण होतं. आणि हे त्याला कळलं होतं.

पुढे तो परत प्यायला. माझ्या त्या एका वाक्यामुळे प्यायला असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे तर मी आज अर्धा तास तुम्हाला सांगतेय. नाटकातला पुरावा नाटकापुरता. सुधाकरच्या रकान्यावरून मामाचा रकाना भरता येत नाही.

पण एवढं मात्र नक्की. नाटक वाचताना मी पहिल्यापासून स्वतःला सिंधूच्या बाजूची समजत होते. घरच्या दारूने पोळलेली. निबंध लिहून झाल्यावर कळलं की नाटकात माझी आणखी एक जागा आहे. सुधाकर दारू सोडून काम मागायला जातो, तेव्हा ज्या दारांवरून त्याला परत फिरावं लागतं, त्यातलं एक दार माझं होतं.

पहिल्या खर्ड्यात ‘दारूने घात केला’ हे वाक्य मला इतकं प्रिय का होतं, ते आता समजतं. त्या वाक्यात आमच्यापैकी कुणीच नव्हतं. सगळा दोष बाटलीचा.

तर मंडळी, तुमच्यासाठी

तुमचं नाटक कुठलंही असो, ‘नटसम्राट’ असो, ‘हॅम्लेट’ असो. कथानक सगळ्यांना माहीत असतं, ते एका पानात उरका. उत्तर चुकू शकेल असा प्रश्न शोधा. तो सुचत नसेल तर यादी करा: कोण, कुठे, त्याआधी काय. एकाच संकटात सापडलेली दोन-तीन पात्रं शेजारी ठेवा आणि फरक कुठून येतो ते बघा. प्रत्येक ओळ कुणाची आहे ते तपासा. तुमच्या विरुद्धचा साक्षीदार स्वतःच बोलवा. जे पुरत नाही ते कबूल करा.

आणि जे वाक्य तुम्हाला नाटक उघडायच्या आधीपासूनच लिहायचं होतं, त्याच्याकडे जरा संशयाने बघा. माझं तसं वाक्य निबंधाच्या पहिल्या पानावर होतं, आणि ते काढून टाकल्यावरच मला नाटक वाचता आलं.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तुमच्या नाटकातल्या ‘तिघां’ची नावंही कळवा, मला वाचायला आवडतील. इकडे लाइट जायच्या आत मी थांबते. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!